कॅस९ डीएनएवर जागा कशी शोधतं आणि कुठे कापतं : कागद-पेन्सिल घेऊन करायचा अभ्यास

माणसाच्या जीनोममध्ये डीएनएच्या अक्षरांच्या (ए, टी, जी, सी) सुमारे ३२० कोटी जोड्या आहेत. क्रिस्पर तंत्रात डीएनए कापणाऱ्या कॅस९ या एन्झाइमला त्यातली एक जागा गाठायची असते, तीही हाती नकाशा नसताना, पेशीतल्या गर्दीत इकडेतिकडे धडकत. ते डीएनए एका टोकापासून वाचत जात असेल असं आपण गृहीत धरतो. तसं ते करत नाही. एखाद्या जागी टेकायचं, दोन अक्षरं चाचपायची, जमत नसेल तर सुटून पुढे जायचं, असं त्याचं चाललेलं असतं. त्याचा जवळजवळ सगळा वेळ नकार देण्यात जातो. त्या सगळ्या नकारांतून एखादी जागा वाचली, तर तिथे काप बसतो.

हा क्रम नीट कळला, की गाइड, म्हणजे कॅस९ला जागा दाखवणारा छोटा आरएनए, निवडण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. सॉफ्टवेअर ते नियम लावून देतंच, पण त्याने दिलेल्या यादीतला पहिला गाइड डोळे मिटून घेणारे आणि तिसरा का बरा हे सांगू शकणारे यांच्यातला फरक या क्रमाच्या समजेत आहे. म्हणून इथे एक छोटा तुकडा घेऊन एन्झाइमच्याच क्रमाने जाऊ. कागद आणि पेन्सिल खरंच जवळ घ्या.

तयारी : कोण काय करतं

सर्वाधिक वापरलं जाणारं कॅस९ हे स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस या जिवाणूचं. १,३६८ अमिनो आम्लांचं हे मोठं प्रथिन दोन भागांत विभागलेलं आहे. एक भाग मुख्यतः आरएनए आणि डीएनए यांना धरून ठेवतो आणि जुळणी तपासतो. दुसऱ्या भागात कापणारी दोन केंद्रं आहेत : एचएनएच आणि रुव्ह-सी. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकेक धागा एकेकाच्या वाट्याला येतो.

गाइड आरएनए साधारण शंभर अक्षरांचा असतो. त्यातली पहिली वीस आपण ठरवायची. उरलेला भाग स्वतःवरच दुमडून प्रथिनाला पकडायचं काम करतो आणि तो बदलायचा नसतो. जिवाणूत हे दोन वेगवेगळे आरएनए असतात. ते जोडून एकच करता येतात आणि फक्त ती वीस अक्षरं बदलून हवी ती जागा कापता येते, हे जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांच्या गटांनी २०१२ मध्ये दाखवलं. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या दोघींना मिळालं. लिथुआनियातले व्हर्जिनियस शिक्शनिस यांच्या गटानेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे कॅस९चं हे कापणं दाखवलं होतं. नोबेलच्या बातम्यांत त्यांचं नाव फारसं आलं नाही, याची हळहळ बऱ्याच जणांना अजून आहे.

गाइड नसलेलं कॅस९ जवळजवळ निरुपयोगी असतं. गाइड बसला की प्रथिनाचा आकार बदलतो आणि गाइडची दहाएक अक्षरं जुळणीसाठी आधीच योग्य वळणात मांडून ठेवली जातात. कोणती दहा, ते तिसऱ्या पायरीत येईल.

पहिली पायरी : तुकडा लिहून घ्या, दिशा लावा

आपला तुकडा ३५ अक्षरांचा आहे. वरचा धागा, ५-प्राइम टोकापासून ३-प्राइम टोकाकडे (धाग्याच्या दोन टोकांची ही नावं), पाच-पाचच्या गटांत असा :

सी-सी-ए-ए-टी   जी-ए-सी-टी-टी   ए-सी-जी-ए-टी   सी-ए-जी-टी-टी   सी-ए-टी-ए-सी   टी-जी-जी-सी-ए   टी-टी-ए-ए-सी

खालचा धागा लिहायची गरज नाही, तो मनातल्या मनात असू द्या : ए समोर टी, जी समोर सी, आणि वाचायची दिशा उलटी. नवशिक्यांच्या निम्म्या चुका दिशेतल्या असतात. कोणताही क्रम लिहिताना डावीकडे ५-प्राइम, ही सवय मोडू नका.

दुसरी पायरी : आधी पॅम, मग बाकी सगळं

कॅस९ सगळ्यात आधी वीस अक्षरं बघत नाही. ते बघतं पॅम, म्हणजे लक्ष्याला लागून असलेली एक छोटी खूण. स्ट्रेप्टोकोकसच्या कॅस९साठी पॅम म्हणजे कोणतंही एक अक्षर आणि त्यापुढे जी-जी. डीएनएचे दोन धागे एकमेकांना चिकटलेले असतानाच, सर्पिलाच्या रुंद खाचेत हात घालून ते ही दोन जी ओळखतं. प्रथिनातली १,३३३ आणि १,३३५ या क्रमांकांची दोन आर्जिनिनं हे काम करतात. डीएनए उघडावा लागत नाही, म्हणून ही तपासणी अतिशय स्वस्त आणि झटपट होते.

किती झटपट? ई. कोलाय या जिवाणूत मोजलं गेलं, तेव्हा एकेका पॅमवर कॅस९ ३० मिलिसेकंदांपेक्षाही कमी वेळ थांबतं असं दिसलं. तरीही त्या जिवाणूच्या सुमारे ४६ लाख जोड्यांत एकच लक्ष्य शोधायला एका कॅस९ रेणूला साधारण सहा तास लागतात. जीनोम त्याच्या कितीतरी पट मोठा असलेल्या माणसाच्या पेशीत एकच रेणू सोडला तर काय होईल, याचा विचार करा. प्रयोगात पेशीमागे हे रेणू मुबलक सोडले जातात ते याचमुळे. प्रवास बराचसा उड्यांचा असतो : डीएनएपासून सुटायचं, द्रवात भरकटायचं, दुसरीकडे धडकायचं. टेकल्यावर थोडंसं अंतर ते धाग्यावरून सरकतंही, पण मैलच्या मैल नाही.

पॅम मुळात का असावा? क्रिस्पर ही जिवाणूंची विषाणूंपासून बचाव करणारी यंत्रणा. हल्ला केलेल्या विषाणूच्या डीएनएचे तुकडे जिवाणू स्वतःच्या जीनोममध्ये जपून ठेवतो आणि त्यांवरून गाइड बनवतो. दही लावणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस या जिवाणूत २००७ मध्ये हे प्रयोगाने सिद्ध झालं. पण मग जपून ठेवलेला तुकडाही गाइडशी तंतोतंत जुळतो; कॅस९ जिवाणूचाच जीनोम का कापत नाही? कारण साठ्यातल्या तुकड्याशेजारी पॅम नसतो. विषाणूत तो असतो. तेवढ्या फरकावर स्वतःचं आणि परक्याचं ठरतं. विषाणूंनीही हे हेरलेलं दिसतं : त्यांच्याकडून आलेलं एसीआर-२-ए-४ नावाचं प्रथिन पॅमसारखं रूप घेऊन कॅस९मधल्या पॅम धरायच्या जागेतच जाऊन बसतं, आणि एन्झाइमला पुढे काही करताच येत नाही.

आता कागदावर या. वरच्या धाग्यात जी-जी कुठे आहे? सहाव्या गटात एकदाच : टी-जी-जी. हा पहिला पॅम. खालच्या धाग्यातले पॅम शोधायचे तर वरच्या धाग्यात सी-सी शोधा, कारण खालून उलट वाचताना तेच जी-जी होतं. सुरुवातीलाच सी-सी-ए आहे; खालच्या धाग्यावर ते टी-जी-जी. म्हणजे एकूण दोन पॅम. निव्वळ यदृच्छेने लिहिलेल्या मजकुरात दोन्ही धागे धरून दर आठ जोड्यांमागे एक पॅम यायला हवा. आपल्या तुकड्यात त्यापेक्षा कमी आहेत. मीच तो तसा बेतला आहे, नाहीतर कागद काळा झाला असता. माणसाच्या जीनोममध्ये जी-सीचं प्रमाण निम्म्याहून कमी, सुमारे ४१ टक्के, म्हणून प्रत्यक्ष पॅम थोडे विरळ. तरी त्यांची संख्या कोटींच्या घरातच राहते.

तिसरी पायरी : वीस अक्षरं आणि त्यातलं बीज

पॅम सापडला की त्याच्या ५-प्राइम बाजूची वीस अक्षरं हे लक्ष्य. पहिल्या पॅमसाठी :

जी-ए-सी-टी-टी   ए-सी-जी-ए-टी   सी-ए-जी-टी-टी   सी-ए-टी-ए-सी   आणि मग टी-जी-जी

दुसऱ्या पॅमसाठी खालचा धागा ५-प्राइमकडून वाचायचा. वरच्या धाग्यात सी-सी-ए नंतरची वीस अक्षरं घ्या, उलटी करा, प्रत्येकाचा जोडीदार लिहा :

ए-टी-जी-ए-ए   सी-टी-जी-ए-टी   सी-जी-टी-ए-ए   जी-टी-सी-ए-टी   आणि मग टी-जी-जी

हे उत्तर न बघता स्वतः काढून बघा. एकदा जमलं की कायमचं जमतं.

पॅमवर पकड बसताच कॅस९ शेजारचा फॉस्फेट धरून डीएनएला तिथेच मुरड घालतं. पॅमला लागून असलेली पहिली जोडी सैल होते आणि तिथलं अक्षर बाहेर वळतं. तिथे गाइडचं विसावं अक्षर वाट बघत असतं. जुळलं, की एकोणिसावं. मग अठरावं. या उघडण्यासाठी कॅस९ एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करत नाही, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते. डीएनएची एक जोडी तुटते आणि आरएनए-डीएनएची एक जोडी जुळते. हिशेब बरोबरीत किंवा किंचित फायद्यात राहतो आणि उघडणं पुढे सरकतं. जुळणी चुकली तर फायदा नाही, मग उघडलेला भाग परत मिटतो आणि एन्झाइम सुटतं.

म्हणूनच पॅमच्या बाजूची दहा ते बारा अक्षरं निर्णायक ठरतात. त्यांना ‘सीड’ म्हणतात, आपण बीज म्हणू. गाइडमध्ये आधीपासून वळण देऊन मांडलेली दहाएक अक्षरं ती हीच. बीजात चूक असेल तर उघडणं सुरुवातीलाच अडकतं. पॅमपासून लांब, म्हणजे क्रमांक १ ते ५ च्या आसपास चूक असेल, तर तिथे पोहोचेपर्यंत जुळणीची इतकी कमाई झालेली असते की एक-दोन खड्डे चालून जातात. ऑफ-टार्गेट, म्हणजे नको त्या जागी बसणाऱ्या, कापांची जवळजवळ सगळी कहाणी या एका असमानतेत आहे.

चौथी पायरी : बांधलं म्हणजे कापलं असं नाही

बीज जुळल्यावर उघडणं शेवटच्या अक्षरापर्यंत जातं. गाइड आणि खालचा धागा यांची जोडी बनते, वरचा धागा मोकळा लोंबत राहतो. या रचनेला आर-लूप म्हणतात. इथे आणखी एक नकार शिल्लक आहे.

एचएनएच हे केंद्र सुरुवातीला कापायच्या जागेपासून दूर ठेवलेलं असतं. गाइड-डीएनएची जोडी पुरेशी लांब झाली, साधारण १७ अक्षरांपर्यंत पोहोचली, की प्रथिनाचा धरणारा भाग ती लांबी जाणतो आणि एचएनएच मोठी झेप घेऊन जागेवर येतं. त्याच्या हालचालीनेच रुव्ह-सीलाही परवानगी मिळते. त्यामुळे अर्धवट जुळणाऱ्या जागांवर कॅस९ बसून राहतं, पण कापत नाही. कापण्याची क्षमता काढून टाकलेलं कॅस९ पेशीत सोडून ते कुठे कुठे बसतं हे २०१४ मध्ये पाहिलं गेलं, तेव्हा बीज आणि पॅम जुळणाऱ्या भरपूर जागा सापडल्या; कापणाऱ्या कॅस९ने मात्र त्यांतल्या बहुतेक जागांना काही केलं नव्हतं.

याचा व्यवहारात अर्थ असा : तुम्ही कापायला कॅस९ वापरत असाल तर शेवटची तपासणी तुमच्या बाजूने आहे. पण जनुक नुसतं दाबून ठेवण्यासाठी न कापणारं कॅस९ वापरणार असाल, तर ती तपासणी तुमच्या उपयोगाची नाही आणि बीज अधिक काळजीने निवडायला हवं.

पाचवी पायरी : काप कुठे बसतो

पॅमच्या आधी तीन अक्षरं मोजा आणि रेघ मारा. पहिल्या लक्ष्यासाठी :

जी-ए-सी-टी-टी   ए-सी-जी-ए-टी   सी-ए-जी-टी-टी   सी-ए   |   टी-ए-सी   टी-जी-जी

म्हणजे १७ आणि १८ यांच्या मधे. गाइडशी जोडी झालेला धागा एचएनएच कापतं, मोकळा धागा रुव्ह-सी. दोन्ही केंद्रांना मॅग्नेशियमचे आयन लागतात. त्यांच्या मदतीने पाण्याचा रेणू फॉस्फेटच्या सांध्यावर हल्ला करतो आणि कणा तुटतो. मॅग्नेशियम ईडीटीए या रसायनाने काढून घेतलं की कॅस९ जागेवर बसतं, पण कापत नाही.

पुस्तकात काप सरळ दाखवतात, दोन्ही धागे एकाच ठिकाणी. प्रत्यक्षात रुव्ह-सी कधी कधी एक अक्षर आधीच, १६ आणि १७ च्या मधे कापतं. मग टोकाला एक सुटं अक्षर उरतं. पेशी ते भरून काढते आणि टोकं जोडते, तेव्हा १७ वं अक्षर दुप्पट होतं. आपल्या लक्ष्यात १७ वं अक्षर ए. म्हणून या गाइडने एका अक्षराची भर पडलीच, तर ती बहुधा आणखी एका ए ची असेल. दुरुस्ती अगदी बेभरवशाची असते असं सरसकट म्हटलं जातं, ते खरं नाही. एकाच गाइडने त्याच त्याच खुणा वारंवार उमटतात.

कापून झाल्यावरही कॅस९ सुटत नाही. परीक्षानळीत ते तासन्‌तास दोन्ही टोकं धरून बसतं. मोकळ्या धाग्याचं पॅमपासून लांबचं टोक तेवढं आधी सैल होतं. बाहेरून दुरुस्तीसाठी एकेरी धाग्याचा डीएनए द्यायचा असेल, तर तो याच सुट्या टोकाशी जुळेल असा बेतला की यश वाढतं. पेशीत मात्र आरएनए बनवणारं यंत्र त्या वाटेने आलं की कॅस९ला ढकलून बाजूला काढू शकतं.

रुव्ह-सीमधलं दहावं अमिनो आम्ल बदललं की कॅस९ फक्त एकच धागा कापतं; एचएनएचमधलं ८४० वं बदललं तर फक्त दुसरा धागा. दोन्ही बदलले तर काहीच कापत नाही, फक्त शोधतं. दोन्ही धागे न तोडता अक्षरं बदलणारी तंत्रं, म्हणजे २०१६ पासून आलेले बेस एडिटर आणि २०१९ चं प्राइम एडिटिंग, अशा लंगड्या केलेल्या कॅस९वर उभे आहेत. शोधण्याची पद्धत सगळीकडे तीच, म्हणून वरच्या चारही पायऱ्या तिथेही लागू होतात.

सहावी पायरी : दोनांतला एक गाइड निवडा

पहिल्या लक्ष्यात जी आणि सी मिळून आठ, म्हणजे ४० टक्के. दुसऱ्यात सात, म्हणजे ३५. साधारण ४० ते ६० टक्क्यांमधले गाइड बरे चालतात. फार कमी असले तर पकड सैल राहते, फार जास्त असले तर चुकीच्या जागीही घट्ट बसते. गाइड पेशीतच यू-६ या प्रमोटरवरून (जिथून आरएनएचं लेखन सुरू होतं तो डीएनएचा भाग) बनवून घ्यायचा असेल तर पहिलं अक्षर जी हवं. पहिल्या लक्ष्यात ते आहे. दुसऱ्यात ए आहे, म्हणून सुरुवातीला एक जी जोडावा लागेल. सलग चार टी कुठेही नकोत, कारण तिथे यू-६वरचं लेखन थांबतं. दोघांतही नाहीत. पहिला गाइड सरस.

गाइड बनवून घेण्यासाठी मागणी लिहिताना टी च्या जागी यू येईल, एवढंच :

जी-ए-सी-यू-यू   ए-सी-जी-ए-यू   सी-ए-जी-यू-यू   सी-ए-यू-ए-सी

पॅम यात लिहायचा नाही. ही चूक दर वर्षी कोणीतरी करतंच, आणि मग आठवडाभर डोकं खाजवत बसतं. पॅम लक्ष्य डीएनएत असावा लागतो, गाइडमध्ये नाही. वीस अक्षरांना चिकटून टी-जी-जी असलेला प्लाझ्मिड (गाइड किंवा कॅस९चं जनुक पेशीत नेणारं डीएनएचं छोटं कडं) बनवलात, तर कॅस९ त्या प्लाझ्मिडलाच विषाणू समजेल.

सातवी पायरी : जुळ्या जागांचा हिशेब

वीस अक्षरांचे चार-चार पर्याय धरले तर सुमारे १.१ लाख कोटी वेगवेगळे क्रम होतात. जीनोममध्ये दोन्ही धागे मिळून जागा ६४० कोटी. पूर्ण वीस अक्षरं योगायोगाने पुन्हा येण्याची शक्यता नगण्य. पण कॅस९ वीस अक्षरांना सारखं महत्त्व देत नाही, हे आपण पाहिलं. बीजाच्या बारा अक्षरांचे पर्याय १.६८ कोटी, त्याला जी-जीच्या १६ ने गुणा : सुमारे २६.८ कोटी. ६४० कोटी भागिले २६.८ कोटी म्हणजे जवळपास २४. कुठलाही गाइड घ्या, बीज आणि पॅम जुळणाऱ्या दोन डझन जागा निव्वळ योगायोगानेच असणार. शिवाय जीनोम हा यदृच्छेने लिहिलेला मजकूर नव्हे. त्यात एकमेकांच्या नकला असलेली जनुकं आहेत, मृत जनुकं आहेत, आणि ‘आलू’ (Alu) नावाच्या तुकड्यासारखे दहा लाखांहून जास्त वेळा आलेले तुकडे आहेत. लक्ष्य अशा ठिकाणी पडलं तर गाइड सोडून द्या, दुरुस्त करत बसू नका.

सराव म्हणून आपल्या गाइडसाठी तीन काल्पनिक जागा घ्या. क : दुसरं अक्षर वेगळं, बाकी सगळं जुळतं, पॅम टी-जी-जी. ख : अठरावं अक्षर वेगळं, बाकी सगळं जुळतं, पॅमही ठीक. ग : वीसही अक्षरं जुळतात, पण पॅमच्या जागी टी-सी-ए. तिन्हींत फरक करणारी गोष्ट फार तर दोन अक्षरांची, तरी निकाल वेगळे. क सगळ्यात धोकादायक, इथे काप बसेल असंच धरून चाला. ख बहुधा उघडता उघडता मिटेल. ग मध्ये जुळणी शंभर टक्के असूनही दार उघडणारच नाही, कारण जुळणी तपासायची वेळच येत नाही. टी-सी-ए ऐवजी टी-ए-जी असतं तर मी इतका निर्धास्त राहिलो नसतो. ए-जी वर कॅस९ अधूनमधून फसतं.

धोका कमी करण्याचे जे उपाय निघाले ते सगळे नकार सोपा करण्याचे आहेत. २०१६ मध्ये आलेल्या हाय-फिडेलिटी कॅस९च्या एका रूपात डीएनएच्या कण्याला धरणारी चार अमिनो आम्लं बदलली होती. पकड थोडी ढिली केली, तर अचूक जागी ती पुरते आणि चुकीच्या जागी पुरत नाही. गाइड १७-१८ अक्षरांवर आणण्यामागे हेच तत्त्व आहे. तिसरा उपाय वेळेचा : प्लाझ्मिडऐवजी तयार प्रथिन आणि गाइड एकत्र करून पेशीत सोडले की ते लवकर विघटित होतात आणि उनाडक्या करायला वेळ मिळत नाही. जमत असेल तर मी नेहमी हाच मार्ग सुचवेन.

आठवी पायरी : आधी नळीत कापून बघा

पेशींवर महिना घालवण्याआधी अर्ध्या दिवसाची ही चाचणी कराच. लक्ष्य मधोमध नसेल असा पीसीआरचा तुकडा बनवा, उदाहरणार्थ १,००० जोड्यांचा आणि काप ३०० वर पडेल असा. मधोमध असेल तर दोन्ही तुकडे एकाच ठिकाणी धावतील आणि काही कळणार नाही. कॅस९ आणि गाइड सारख्या प्रमाणात घेऊन दहा मिनिटं एकत्र ठेवा, मग मॅग्नेशियम असलेल्या बफरमध्ये डीएनए घाला आणि ३७ अंश सेल्सिअसला ठेवा. डीएनएच्या दहापट कॅस९ घ्या. डीएनए ठरावीक क्रमावर कापणाऱ्या साध्या रिस्ट्रिक्शन एन्झाइमची सवय असलेल्यांना हे उधळपट्टीचं वाटतं. पण कॅस९ एकदा कापून तिथेच अडकतं, त्यामुळे एका रेणूकडून एकाच कापाची अपेक्षा ठेवायची. शेवटी प्रोटिनेज-के हे प्रथिनं पचवणारं एन्झाइम घालून ते सोडवा, नाहीतर जेलमध्ये डीएनए प्रथिनासकट अडखळत धावेल आणि पट्टे फरकटलेले दिसतील. ७०० आणि ३०० चे दोन स्वच्छ पट्टे आले, म्हणजे गाइड कामाचा.

पॅमच नसेल तर?

आपल्या तुकड्यात जी-जी नसतं तर? एक पर्याय कॅस१२ए, क्रिस्परमधलंच दुसरं एन्झाइम. त्याचा पॅम टी-टी-टी आणि त्यापुढे टी सोडून कोणतंही अक्षर, आणि तो लक्ष्याच्या आधी, म्हणजे ५-प्राइम बाजूला असतो. ए-टी जास्त असलेल्या जीनोममध्ये हे वरदान. आपल्या तुकड्यात तो सापडतो का बघा : वरच्या धाग्यात सलग तीन टी नाहीत, आणि खालच्यासाठी सलग तीन ए शोधले तर तेही नाहीत. म्हणजे इथे कॅस१२ए चालणार नाही. चालतं तेव्हा ते रुव्ह-सी या एकाच केंद्राने दोन्ही धागे पाळीपाळीने कापतं, एक १८ व्या आणि दुसरा २३ व्या अक्षराच्या आसपास, म्हणून टोकं चार-पाच अक्षरांनी पुढेमागे राहतात. काप पॅमपासून आणि बीजापासून दूर असल्याने छोट्या दुरुस्तीनंतरही लक्ष्य ओळखू येतं आणि पुन्हा कापलं जाऊ शकतं. एकदा जागं झालेलं कॅस१२ए आसपासचा एकेरी डीएनएही फाडत सुटतं. २०१८ पासून रोगनिदानाच्या चाचण्यांत या खोडीचाच उपयोग केला जातो.

कॅस९च्या आधीची डीएनए कापायची साधनं, झिंक फिंगर न्यूक्लिएज आणि टॅलेन, आरएनए वापरतच नाहीत; प्रथिन स्वतःच अक्षरं ओळखतं. झिंक फिंगरचं एक बोट साधारण तीन अक्षरं धरतं, टॅलेनमधला ३४ अमिनो आम्लांचा एक घटक एक अक्षर. टॅलेनची ही सांकेतिक जुळणी २००९ मध्ये उलगडली. दोघांतही कापणारा भाग फॉक-१ या एन्झाइमचा, आणि तो जोडीनेच कापतो, म्हणून समोरासमोर दोन प्रथिनं बसवावी लागतात. अचूकता चांगली, पण प्रत्येक नव्या जागेसाठी प्रथिन नव्याने बांधायचं. कॅस९ने बाजी मारली ती इथे.

नववी पायरी : पेशीत गेल्यावर

दोन्ही धागे तुटले की पेशी घाईघाईने टोकं जोडते. त्यात एक-दोन अक्षरं गळतात किंवा वाढतात. ही संख्या तीनने भागली जात नसेल तर जनुकाचं वाचन पुढे सगळं बिघडतं आणि जनुक बंद पडतं. नमुना देऊन अचूक बदल करून घ्यायचा असेल तर विभाजनाच्या तयारीतल्या पेशी लागतात. तो मार्ग एरवी बंद असतो. केवळ मोडणंही पुष्कळदा पुरेसं ठरतं. सिकल सेल आजारावरच्या, २०२३ मध्ये आधी ब्रिटनने आणि मग अमेरिकेने मान्यता दिलेल्या कॅसजेव्ही उपचारात कॅस९ बीसीएल-११ए या जनुकाचं एक नियंत्रक ठिकाण कापतं, एवढंच. नवीन काही घातलं जात नाही; गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं.

नळीत उत्तम चाललेला गाइड पेशीत थंड पडतो, असं वारंवार घडतं. बहुतेक वेळा दोष गाइडचा नसतो. पेशीतला डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि त्या गुंडाळीत गेलेला पॅम कॅस९च्या हाताला लागतच नाही. अशा वेळी मात्रा वाढवत बसण्यापेक्षा शंभर-दोनशे अक्षरं सरकून दुसरा पॅम धरणं फायद्याचं. म्हणून एका जनुकासाठी सुरुवातीलाच तीन-चार गाइड घ्या, शक्यतो वेगवेगळ्या भागांतले.

आणि तपासणी करताना पीसीआरचा तुकडा फार आखूड ठेवू नका. काही पेशींत कापाच्या दोन्ही बाजूंची शेकडो-हजारो अक्षरं गायब होतात, त्यासोबत प्रायमर (पीसीआर सुरू करणारा डीएनएचा छोटा तुकडा) बसायची जागाही जाते, आणि मग त्या पेशी निकालात दिसतच नाहीत. दिसते ती न बिघडलेली दुसरी प्रत, आणि आपल्याला वाटतं गाइडने काहीच केलं नाही. दोनशे-तीनशे जोड्यांच्या तुकड्यासोबत एक काही हजार जोड्यांचा तुकडाही वाढवून बघा, आणि दोन्हींचे निकाल जुळतात का ते पाहूनच गाइड नापास करा.